पंख्याच्या मानेवरची तोटी

अकोल्याच्या त्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला पहिली थोबाडीत मारली. मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाची कातरलेली कागदी पट्टी मी उलटी चिकटवली होती. त्यांनी बाटली उजेडात धरली, खाली ठेवली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मारली. पुढे मी त्या चष्म्यावर नजर ठेवायला शिकलो. तो नाकावरून निघाला की मी जीभ आत ओढून दात आवळायचो. मग निदान जीभ तरी चावली जात नसे.

डॉक्टर कोणालाही मारायचे. जखमेत शेण भरून आलेल्या शेतकऱ्याला आधी दोन देणार आणि मग तीच जखम तास तास बसून धुणार. पोराला देवीची लस टोचू न देणाऱ्या बापाला त्यांनी कॉलर धरून पायरीवरून ढकललं होतं, तरी तोच बाप दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन आला. पटकीच्या साथीत हा माणूस चार दिवस कपडे न बदलता रोग्यांच्या घाणीत उभा होता, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. त्यामुळे लोक त्यांचा मार औषधासारखा घ्यायचे. मीही घेत होतो. त्यात माझा एक हिशेब होता. तो सांगायला आज लाज वाटते, पण सांगतो.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरकडचं. माझ्या बापानं आयुष्यभर मार खाल्ला तो एका विशिष्ट घरात जन्मला म्हणून. छप्पन साली आमच्या सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली, आणि त्यानंतर चार वर्षांनी मी अकोल्याला लागलो. डॉक्टर ब्राह्मणाला मारत, मारवाड्याला मारत, मलाही मारत. मला वाटायचं, इथं निदान सगळ्यांना सारखाच मार आहे.

बाप एकदा मला भेटायला आला. माझ्या गालावरचे वळ पाहून त्यानं विचारलं, "हे काय होय?"

"डॉक्टरसाहेबानं मारलं."

"काहून?"

"चूक झाली माही. ते सगळ्यायलेच मारतात, बा."

बाप म्हणाला, "सगळ्यायले मारो नाई तं कोनाले मारो. आपन काय मार खायासाठी धरम सोडला का बे?" एवढं बोलून तो उठला आणि माझ्या खोलीत पाणीही न पिता परत गेला.

त्याच उन्हाळ्यात दवाखान्यात काचेची पेटी आली. डॉक्टरांनी एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाला टायफॉइडमधून वाचवलं होतं, त्या व्यापाऱ्यानं मुंबईहून ती पाठवली. चार फूट लांब, लोखंडी चौकट, आत रंगीत मासे. रोगी बसायचे त्या खोलीत, बाकासमोर, ती मांडली. रंगीत मासे आठवडाभरात मेले. अकोल्याच्या वैशाखात माणसं मरतात, तिथे त्यांची काय कथा? मग डॉक्टरांनी मोर्णेच्या भोयांकडून नदीतल्या चांदीसारख्या मासोळ्या आणवल्या, आणि कोणीतरी तलावातला एक काळपट, पाठीवर काटे असलेला मासा आणून दिला. तिलापिया हे त्याचं नाव मला फार पुढे कळलं.

पाणी शिळं होऊन मासे वर येऊन तोंड वासायचे, म्हणून ताजं पाणी सतत पडत राहावं अशी डॉक्टरांची आज्ञा झाली. मी भिंतीवर उंच फळी ठोकली आणि तिच्यावर तळाला तोटी डाखलेला तेलाचा पत्र्याचा डबा ठेवला. तिथून बारीक रबरी नळी पेटीत सोडली. दुसरी नळी पेटीतलं पाणी हळूहळू बाहेरच्या बादलीत ओढून घ्यायची. बादली भरली की ती उचलून, फडक्यातून गाळून, पुन्हा डब्यात ओतायची. म्हणजे पंप मीच होतो. दिवसातून आठ-दहा वेळा स्टुलावर चढायचो.

पण धार एकाच कोपऱ्यात पडायची, आणि तो कोपरा काळ्या माशानं बळकावला. दुसरा मासा धारेखाली आला की तो सुटायचा तो थेट डोळ्यावर. मासोळ्यांच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसायला लागल्या, मग डोळे गेलेले, मग सकाळी एक-दोन उताण्या तरंगताना. डॉक्टर दवाखान्यात शिरताना आधी पेटीकडे बघत. मेलेला मासा दिसला की चष्मा काढत. एका माशामागे एक थोबाडीत, असा तो क्रमच ठरून गेला. तीन मासे मेले त्या दिवशी तीन. रोगी बाकावर बसून मोजायचे.

मी नळीची जागा बदलली, काळा मासा तिथे गेला. दोन नळ्या केल्या, तर डबा अर्ध्या तासात रिकामा व्हायचा आणि माझा दम निघायचा.

एका दुपारी दहा-बारा रोगी बाकांवर कोंबून बसले होते आणि समोर टेबलफॅन मान फिरवत होता. वारा याच्यावर गेला, त्याच्यावर गेला, परत आला. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. आपली पाळी येतेच आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. मी हातात बादली घेऊन उभाच राहिलो. धारेला अशी मान असती तर कोणता कोपरा बळकावणार होता तो?

दवाखान्याच्या माळ्यावर दुसरा एक मोडका टेबलफॅन पडलेला होता. तो कसा मोडला ते मला माहीत होतं. डॉक्टर वरच्या मजल्यावर राहत. एकदा जेवताना त्यांनी तो बाईंच्या दिशेनं भिरकावला होता. बाई खाली वाकल्या म्हणून वाचल्या. जाळी चेपली, पाती वाकली. बाई म्हणजे डॉक्टरांची बायको, पुण्याकडच्या, हळू बोलणाऱ्या. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायच्या. मी त्यांना पंखा मागितला तेव्हा त्या म्हणाल्या, "न्या हो भाऊ. तेवढाच एक डोळ्यांपुढून जाईल."

मोर्णेच्या पुलापलीकडे, जुन्या शहरात, जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देणारे एक मुसलमान मिस्त्री होते. म्हातारे होते आणि एका कानानं कमी ऐकायचे. त्यांनी पंखा उलटा-सुलटा केला, मागची टोपी उघडली, बोटानं आतलं चाक फिरवून पाहिलं.

"पंखा तो मर गया, बेटा. गर्दन जिंदा है."

मी त्यांना मासे, धार, काळा मासा सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. गालाकडे पाहून एवढंच म्हणाले, "मच्छी के वास्ते इतना मार खाऊन राहिला तू?" त्यांची भाषा अशीच, अर्धी त्यांची अर्धी आमची.

पंख्याच्या मागच्या टोपीत एक दातेरी चाक असतं. मोटर गरगर फिरते, ते चाक हळूहळू फिरतं, आणि त्याच्या कडेला जोडलेली एक पट्टी मानेला इकडून तिकडे ओढते. आम्हाला हवी होती ती फक्त मान. मी पाती पार काढून टाकू म्हणालो. मिस्त्रींनी मान हलवली. ओझं नसलं की मोटर पिसाट पळते, आणि वारा नसला की तापते. त्यांनी पाती कापून तीन-तीन बोटांची खुंटं ठेवली. तरी वेग जास्तच होता. पहिल्या दिवशी नळी बांधून चालू केलं तर धार चाबकासारखी फिरली, पेटीच्या बाहेर, बाकावर, एका गरोदर बाईच्या अंगावर. डॉक्टरांनी मला त्या बाईसमोर कानाखाली दिली. मग मिस्त्रींनी मोटरीच्या वाटेत एक बल्ब जोडून दिला. बल्ब मंद पेटायचा आणि मोटर सुस्तावायची. मान आता एखाद्या म्हाताऱ्यासारखी वळायला लागली.

तोटीसाठी तांब्याची नळी लावली तर तिच्या वजनानं मान अडखळायची. शेवटी एनिमाच्या डब्याची रबरी नळी आणि तिचं काळं, हलकं टोक कामी आलं. रोगी ते टोक ओळखून एकमेकांना कोपरानं ढोसायचे.

मिस्त्री स्वतः येऊन पंखा पेटीवर ठोकलेल्या दुसऱ्या फळीला स्क्रूनं आवळून गेले. जाताना नळीला हात लावून दाखवलं. डब्याकडून येणारी नळी त्यांनी पंख्याच्या डोक्यापेक्षा खाली लोंबती ठेवली होती, आणि तिथून परत वर घेऊन टोकाशी बांधली होती. "ये झोला ऐसाच रहने दे. वरून पाणी गळलं तं झोल्यातून खाली टपकेल, मोटर में नहीं जाएगा. पानी भी ऊपर, बिजली भी ऊपर. दोनों की दोस्ती मत होने देना."

तोटी चालली. काळा मासा पहिले दोन दिवस धारेमागे धावला. डावीकडच्या काचेवर थडकायचा, वळायचा, उजवीकडच्या काचेवर थडकायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या नाकाडावरची कातडी सोलली होती. मग तो तळाशी जाऊन बसला आणि मासोळ्या धारेखाली यायला लागल्या. वीस दिवस एकही मासा मेला नाही. वीस दिवस माझ्या गालाला हात लागला नाही. डॉक्टर रोग्यांना हात धरून पेटीपाशी नेत आणि म्हणत, "आमच्या कंपाउंडरनं केलंय हे." माझी छाती फुगायची. त्या माणसाच्या तोंडून आलेला शब्द मला बापाच्या शब्दापेक्षा मोठा वाटत होता, हे खोटं कशाला बोलू?

एकविसाव्या की बाविसाव्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत लोखंडी खलात चूर्ण कुटत होतो. बाहेर किंकाळी आली. माणसाची वाटेना, जनावराची वाटली. बत्ता हातात तसाच घेऊन मी धावलो.

डॉक्टर बाकाखाली पडले होते. पंख्याला लागलेला डावा हात आखडला होता. पंख्याची मान वळतच होती, आणि तिच्या लोखंडी अंगावरून पाण्याची बारीक रेघ मोटरीच्या टोपीत उतरत होती. मी नळीकडे पाहिलं. झोळ नव्हता. कोणीतरी नळी वर ओढून, गाठ मारून, फळीला सरळ बांधून टाकली होती. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, हे लोंबतंय ते ओंगळ दिसतं.

"कोनी हात लावू नोका!" मी ओरडलो आणि भिंतीवरच्या बटणाकडे झेपावलो.

मी पळतोय असं त्यांना वाटलं असेल. मोडलेल्या हाडाला बांधायच्या लाकडी फळ्या टेबलाखाली असायच्या. त्यातली एक घेऊन ते उठले. चष्मा डोळ्यांवरच होता. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. कानात शिट्टी वाजायला लागली. माझं बोट बटणापर्यंत पोचलं, ते मी दाबलं आणि खाली वाकलो. तिसरा फटका माझ्या डोक्यावरून गेला आणि पेटीवर बसला.

काच एकदम गेली. सगळं पाणी एकाच वेळी बाकांवर आदळलं. बाया पोरं उचलून किंचाळत बाहेर पळाल्या. मासोळ्या फरशीवर उडायला लागल्या. कोणाच्या तरी तळपायात काच घुसली होती, पाण्यात रक्ताचे धागे दिसत होते.

"मला मारायला बसवलंस हे?" डॉक्टर ओरडत होते. "मला?"

"झोया कोनं बांधला वर? मिस्त्रीनं सांगतलं होतं..."

"तोंड वर करून बोलतोस? कितीही शिकवा, शेवटी तुम्ही लोक ते तुम्ही लोकच!"

हे शब्द मी गावात लहानपणापासून ऐकत आलो होतो. या दवाखान्यात पहिल्यांदा ऐकले. माझा तो सगळा हिशेब त्या एका वाक्यात संपला. फळी चौथ्यांदा वर गेली आणि मी बत्ता फिरवला. नेम धरला नव्हता, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगितलं. पण माझे डोळे त्यांच्या मनगटावर होते. आवाज वाळकी काडी मोडल्यासारखा झाला. फळी पडली. मी बत्ता पुन्हा उचलला, आणि तो खाली आणायची मला मनापासून इच्छा होती. डोक्यात.

मला थांबवलं ते डॉक्टरांच्या तोंडानं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. बाकावर बसून, डावा तळवा खाली धरून, आपलं वाकडं झालेलं मनगट रोग्याचं असावं तसं पाहत होते.

"रेडियस गेलंय," ते म्हणाले. "सरकलंय. बसवावं लागेल. सूज यायच्या आत."

बाकावरच्यांपैकी एक हवालदार मानेवरचं गळू दाखवायला आला होता. तो भिंतीला चिकटून उभा होता. तो पुढे झाला. "डॉक्टरसाहेब, रिपोर्ट लिवून घेऊ का?"

"कशाचा रिपोर्ट? पाय घसरला. खाली पाणी दिसत नाही तुला?" मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तो बत्ता ठेव आणि प्लास्टर भिजव."

मी ठेवला. आजही मला कळत नाही मी का ऐकलं. कदाचित दुसरं काय करायचं ते सुचलं नाही म्हणून.

कोपर धरायला कोणीतरी हवं होतं. आरडाओरडा ऐकून बाई जिन्यात येऊन उभ्या होत्या. त्या पाण्यातून, काचा चुकवत आल्या आणि दोन्ही हातांनी नवऱ्याचं कोपर धरलं. पोलक्याची बाही वर सरकली. त्यांच्या मनगटावर जुने, पिवळे पडलेले बोटांचे ठसे होते. माझं लक्ष गेलेलं त्यांनी पाहिलं.

"भूल?" मी डॉक्टरांना विचारलं.

"नको. अंगठ्याच्या बाजूनं ओढ. आणखी. माणूस आहे, मासा नाही, ओढ!"

मी ओढलं. त्यांनी ओठ चावून रक्त काढलं, पण ओरडले नाहीत. हाड जागेवर आल्याचं माझ्या हाताला कळलं. बाई माझ्या कानाशी वाकून, त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "नीट बसवा, भाऊ. वाकडं राहिलं तर राग माझ्यावर निघेल."

प्लास्टर वाळेपर्यंत मासोळ्या मेल्या होत्या. काळा मासा तेवढा बाकाखालच्या डबक्यात कल्ले हलवत होता. हवालदारानं तो रुमालात बांधून नेला. दुसऱ्या दिवशी गळू कापायला आला तेव्हा तळून खाल्ला म्हणाला. तुटका पंखा मी मिस्त्रींना परत नेऊन दिला. त्यांनी जळलेली मोटर हुंगली, माझा सुजलेला कान पाहिला, आणि पंखा भंगारात टाकला.

मी नोकरी सोडणार होतो. पण हात मी मोडला होता, आणि प्लास्टरमधली बोटं काळी-निळी पडतात का हे रोज बघायला हवं होतं. त्यामुळे सहा आठवडे राहिलो. डॉक्टर सांगत, मी टाके घालत असे, इंजेक्शनं देत असे. एकदा माझ्या हातून शिशी फुटली आणि त्यांचा डावा हात वर आला. मी फक्त खलाकडे पाहिलं. हात खाली गेला. ते मला आवडलं. दिवसभर आवडत राहिलं. संध्याकाळी खोलीवर आलो तेव्हा मात्र स्वतःचीच भीती वाटली.

पाचव्या आठवड्यात अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातून माझ्या अर्जाला उत्तर आलं. बाई चहा घेऊन खाली आल्या. कप ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

"भाऊ, ते प्लास्टर अजून दोन आठवडे राहू द्याल? काहीतरी कारण सांगा. तुमचं ते ऐकतात आता."

"सांधा आखडन, बाई. हात कामाचा नाई राहनार."

त्या जिन्याकडे वळल्या. मला वाटलं, चार दिवस जास्त शांततेचे मागतायत. मी कंपाउंडर होतो, प्लास्टरची मुदत सहा आठवडे होती, आणि मला माझ्या हातून मोडलेला हात पुरा बरा करून द्यायचा होता. त्यात माझी सुटका होती. ठरल्या दिवशी मी प्लास्टर कापलं. डॉक्टरांनी मूठ उघडली, मिटली, मनगट फिरवलं. "चांगला बसलाय," म्हणाले. बाई दारात उभ्या होत्या, त्या वर निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो, बडनेऱ्याला उतरलो आणि अमरावतीला कामावर रुजू झालो.

दीड-एक वर्षानं बाई मला तिथल्या दवाखान्याच्या ओसरीत दिसल्या. भावाच्या मुलीला लस टोचायला आणलं होतं. अर्ध्या बाह्यांचं पोलकं होतं, म्हणून आधी ओळखलंच नाही. डाव्या भुवईवर टाक्यांचा व्रण होता, तो नवा होता. भावाची बदली अमरावतीला झाली, चार महिन्यांपासून त्याच्याकडे राहते, मुलींच्या शाळेत शिवण शिकवते, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांचा हात उत्तम चालतो, हेही सांगितलं.

"माहा राग आला होता का तुमाले?" मी विचारलं. "प्लास्टरचा?"

"राग नाही हो." त्यांनी मुलीच्या दंडावर कापूस दाबून धरला. "माझा भाऊ तेव्हा आसामात होता, नोकरीवर. त्याला पत्र टाकलं होतं. तो यायला दोन आठवडे लागणार होते. तो आला तोवर ह्यांचा हात मोकळा झाला होता. दारातूनच परत पाठवला त्याला. मग निघायला आणखी वर्ष गेलं."

मुलगी रडत होती. बाईंनी तिला कडेवर घेतलं, मला नमस्कार केला आणि उन्हात निघून गेल्या. माझ्यापुढे रांग होती. मी पुढच्या माणसाला दंड उघडा करायला सांगितलं.